पंक रॉक : ऐकण्याआधी थोडं

पंक म्हणजे : 1970च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क-लंडनमध्ये रुजलेला रॉक. मोजके कॉर्ड, सुसाट ताल, छोटी गाणी. 'रमोन्स'च्या पहिल्या अल्बममध्ये (1976) 14 गाणी. सगळी मिळून अर्धा तासही नाही.

मेटलहून वेगळं : दोन्हींत गोंगाट. पण मेटलमध्ये गिटारवादनाचं कसब मिरवतात, पंकमध्ये लांब सोलो क्वचितच.

काळा विनोद : ठळक नमुना म्हणजे 'डेड केनेडीज' या अमेरिकी बँडचा 'फ्रेश फ्रूट फॉर रॉटिंग व्हेजिटेबल्स' (1980). पहिल्याच गाण्यात गरिबीवर तोडगा सुचवलाय : न्यूट्रॉन बॉम्ब! हा उपहास आहे. शब्दशः घेतला की श्रोता बिथरतो. अशा गाण्यांबद्दलचे मतभेद बहुधा इथूनच.

श्रोत्यांचा कौल : 'सेक्स पिस्टल्स'चं 'गॉड सेव्ह द क्वीन' (1977) वाजवायला बीबीसीने बंदी घातली. तरी ते ब्रिटनच्या अधिकृत यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं.

आपल्याकडे : मुंबईचा 'द रायट पेडलर्स'. गाणी इंग्रजी, चिमटे देशी.

आवाज किती? निवासी भागात ध्वनिमर्यादा दिवसा 55, रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल.