पुराणकथा मागावर का चढली नाही?

युरोपातल्या राजवाड्यांच्या भिंतींवर ग्रीक-रोमन देवांच्या कथा मागावर विणलेल्या दिसतात. पॅरिसच्या गोबलँ कारखान्याचे १६६२ पासूनचे पट प्रसिद्धच आहेत. चेन्नईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या श्रीकालहस्तीत मात्र रामायण देवळांसाठी कापडावर कलमाने रंगवले गेले; हीच कलमकारी. विणता येत नव्हते म्हणून? पैठणीच्या पदरावरचा मोर पाहा. रंगीत आडवा धागा आकृतीपुरता जातो आणि परत फिरतो. गोबलँची रीतही हीच. म्हणजे तंत्र दख्खनला ठाऊक होते. माझ्या मते कारण कथेतच आहे. कलमकारी पटाच्या मध्यभागी राज्याभिषेकासारखा मोठा प्रसंग असतो, भोवती पट्ट्यांमागून पट्ट्या, त्यांत कथेचे टप्पे आणि चित्रांलगत तेलुगू ओळी. इतक्या माणसांना आणि अक्षरांना मागावर रंगागणिक वेगळी कांडी फिरवावी लागेल. बांबूच्या कलमाला चित्र आणि अक्षर सारखेच सोपे.

यावर कुणी म्हणेल, हा स्वस्ताईचा मार्ग. इंग्रजांनी १६३९ मध्ये मद्रासची जागा निवडली, त्यात इथे कापड स्वस्त मिळते हा हिशेब होता, हे खरे. पण तो व्यापाऱ्याचा हिशेब. देवाला रेशीम आणि जर अर्पण करणाऱ्या देवळांनी कथेसाठी सुती कापड घेतले, ते केवळ पैसे वाचवायला असे मला वाटत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: विणलेले चित्र कापडाच्या अंगात असते, रंगवलेले वरवरचे. इथे प्रक्रियाच उत्तर देते. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. दुधातल्या स्निग्धतेमुळे रेघ फुटत नाही. गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेले पाणी कलमातून उतरते आणि हिरड्याशी मिळून काळे होते. लाल हवा तिथे तुरटीचे पाणी लावतात. मग झाडांच्या मुळांच्या रंगात उकळले की तेवढाच भाग लाल रंग धरतो, बाकीचा रंग वाहत्या पाण्यात धुऊन निघतो. रंग धाग्यालाच चिकटतो, म्हणून तो इतक्या वेळा धुणे सोसतो. याला वरवरचे कसे म्हणावे?

ही कला विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ संपली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी श्रीकालहस्तीत प्रशिक्षण सुरू झाले, तिथल्या जे. गुरप्पा चेट्टी यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. चेन्नईत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये स्थापलेल्या कलाक्षेत्रात हातमाग आणि कलमकारी हे दोन्ही विभाग आहेत. एकाच आवारात साडी मागावर आणि कथा कलमाखाली, ही विभागणी मला फार योग्य वाटते.