भूत उतरवायचं गणित

"आलं का?"
"आलं, आलं... अरे, गेलं!"

गच्ची आणि बैठकीची खोली यांच्यातला हा संवाद घरोघरी व्हायचा. त्यामागचं गणित मला जरा उशिराच कळलं.

२००२ साली मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. लोणी काळभोरला आमच्या घरी केबल नव्हती. आजोबांना सातच्या बातम्या हव्याच असायच्या. पण पडद्यावर प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचंच पुसट भूत दिसायचं. आजोबांना वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा पुन्हा बिघडला. कुणाला न सांगता त्यांनी टीव्हीसमोर बसणंच सोडलं. हे आजीकडून कळलं तेव्हा मला लाजच वाटली. अँटेनाच्या थिअरीवर मार्क मिळवायचे, आणि घरात ही अवस्था!

पुण्याचं प्रक्षेपण १९७३ पासून सिंहगडावरून व्हायचं. लोणीहून गड सरळ रेषेत साधारण ३० किलोमीटर, पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे २५ अंशांवर. गच्चीवरची अँटेना म्हणजे यागी-उदा. १९२६ साली जपानमध्ये उदा आणि यागी यांनी ती मांडली. सर्वांत लांब दांडी मागे (रिफ्लेक्टर), तारा जोडलेला डायपोल त्याच्या पुढे, आणि आखूड दांड्या (डायरेक्टर) सर्वांत पुढे. आखूड टोक गडाकडे करायचं. लहरी आडव्या ध्रुवीकरणाच्या, म्हणून दांड्याही आडव्या.

आमची अँटेना गडाकडेच होती. मग भूत कुठून आलं?

लहर एखाद्या मोठ्या वस्तूवर आपटून उशिरा पोचली, की तेच चित्र थोडं उजवीकडे पुन्हा उमटतं. मी पट्टी घेऊन भूत मोजलं : दीड सेंटीमीटर. आमच्या २० इंची टीव्हीचा पडदा ४० सेंटीमीटर रुंद. तेवढं अंतर कापायला किरणाला ५२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे उशीर सुमारे २ मायक्रोसेकंद. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे फेरा ६०० मीटरचा!

गच्चीवर जाऊन गडाकडे तोंड केलं. उजव्या हाताला, अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर स्टेशनकडच्या तेलाच्या लोखंडी टाक्या! संशयित सापडला.

आता खरी गंमत. दांड्यांच्या टोकांच्या दिशेने यागीला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. म्हणून अँटेना गडापासून मुद्दाम दहाएक अंश डावीकडे फिरवली, म्हणजे टोकं बरोबर टाक्यांकडे आली. सिग्नल किंचित घटला, पण भूत गेलं. म्हणजे सर्वांत जोरदार सिग्नल तोच सर्वांत चांगला, असं नाही.

आजोबांना हाक मारली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे डोळा ठीक आहे तर."

दूरदर्शनचं ते अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता बंद झालंय. डीडी फ्री डिशची तबकडी सिंहगडाकडे नाही, आग्नेयेला सुमारे ५९ अंश वर, ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे बघते. पण वायफायच्या अँटेनालाही दिशा असतेच. तेव्हा सिग्नल येत नसेल, तर आधी पट्टी घ्या. आणि गच्चीवर चढण्याआधी विजेच्या तारा कुठून जातात, ते नक्की बघा!