नागझिरा सोडा, आंबागड गाठा!

वीकेण्ड आला की नागपूरकरांच्या गाड्या ठरलेल्या रस्त्याला लागतात. पेंच, नागझिरा, नाहीतर रामटेक. भंडारा जिल्ह्याला आपण एकच प्रश्न विचारतो, ‘वाघ दिसला का?’ पण किल्ला, खाणी आणि कला असं कॉम्बिनेशन एका दिवसात हवं असेल, तर तुमसरची वाट धरा.

नागपूरचा जुळा भाऊ
तुमसरजवळ, झाडीनं भरलेल्या टेकडीवर आंबागडचा किल्ला आहे. नागपूर वसवणाऱ्या देवगडच्या बख्त बुलंद शाहचा सुभेदार राजाखान पठाण यानं तो १७००च्या सुमारास बांधला. म्हणजे किल्ला आणि आपलं शहर जवळपास एकाच वयाचे! पुढे नागपूरच्या भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना इथल्या विहिरीचं साचलेलं, विषारी पाणी पाजत, असं सांगतात. बुरुजावरचा व्ह्यू मस्तच. पण हे आठवलं की कॅमेऱ्यावरचं बोट क्षणभर थांबतं.

रिमोटमधलं तुमसर
तेलाच्या विहिरींचा इतिहास बघायला लोक पार आसामात डिगबोईला जातात. आपल्या तुमसरला मँगनीज आहे. ‘मॉईल’ कंपनी १९६२ची, पण तिचं मूळ १८९६च्या एका ब्रिटिश सिंडिकेटमध्ये. तिची चिकल्याची खाण भूमिगत, तर डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरीतलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलमध्ये जातं. म्हणजे टीव्हीचं चॅनल बदलताना तुमसर तुमच्या हातात असू शकतं, बॉस! फक्त खाणी चालू आहेत, परवानगीशिवाय आत शिरू नका.

कोसा आणि दंडार
परतताना मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला थांबा. इथे हातमागावर कोशाचं कापड विणतात. शोरूममध्ये प्राइस टॅग बघून आपण पुढे सरकतो. इथे मागावर बसलेला माणूस बघितला की त्या किमतीत किती मेहनत आहे ते कळतं. आवडलं तर त्याच्याकडूनच घ्या. दिवाळीनंतर गेलात तर गावोगावी मंडई भरलेली असते. दंडार आणि रात्रभर रंगणारं झाडीपट्टीचं नाटक चुकवू नका.

इथलं मँगनीज आणि कोसा कधीचेच शहरात पोचलेत. आपणच तिकडे जायचे राहिलोय.

कसं जाल?
नागपूर-भंडारा-मोहाडी-तुमसर, शंभरेक किलोमीटर. रेल्वेनं तुमसर रोड स्टेशन. पाणी आणि डबा सोबत ठेवा. बेस्ट सीझन: दिवाळी ते महाशिवरात्र. महाशिवरात्रीला जवळच्या गायमुखची यात्राही असते.