तर्कद्वारांचे अध्यापन आणि ‘रॉकीज बूट्स’

बारावीच्या भौतिकशास्त्रातील तर्कद्वारांच्या सत्यता सारण्या विद्यार्थी बहुधा पाठ करतात. त्यांमागील तर्क मात्र निसटतो. वॉरन रॉबिनेट व लेस्ली ग्रिम यांनी निर्माण केलेल्या ‘रॉकीज बूट्स’ (१९८२) या संगणकीय खेळाने यावर मार्ग दाखविला होता. त्यात खेळाडू ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ ही द्वारे जोडून यंत्र रचतो. ठरावीक आकृती आली तरच यंत्राच्या बुटाने तिला लाथ मारावी, अशी अट असते. जोडणी चुकल्यास भलतीच आकृती उडते; पडद्यावर दिसणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा माग घेत चूक शोधता येते. यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांना याकरिता जुना संगणक नको. बॅटरी, दिवा व दोन कळा पुरेशा आहेत. कळा एकसर जोडल्यास ‘आणि’, समांतर जोडल्यास ‘किंवा’ सिद्ध होते. विद्यार्थ्याने आधी दिवा पेटवावा, नंतर सारणी स्वतः भरावी.