गळ, तंगूस आणि मुळशीची ओल

मासेमारीचे सामान वापरून झिजते, पण त्याहून जास्त ते ठेवणीत वाया जाते. मुळशी तालुक्यात हे ठळकपणे दिसते. मुळशी आणि टेमघर हे दोन्ही जलाशय घाटमाथ्याला खेटून आहेत आणि ताम्हिणीच्या पट्ट्यात वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर पेटीतल्या कपड्यांना बुरशी धरते, तिथे पोलादी गळांची काय कथा! म्हणून इथे मांडणीच्या आधी वाळवण येते. पाण्यावरून आणलेली कोणतीही वस्तू ओली असताना डब्यात बंद करायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे नुकसान टळते.

एका मोठ्या पेटीत सगळे कोंबण्यापेक्षा माशागणिक लहान डबे करणे सोयीचे. चिलापीला बारीक गळ आणि हलका तरंगा लागतो, रोहू-कटल्याला मध्यम, मरळीला जाड दोरा. महसीर तर घशातल्या दातांनी कच्चा गळ चेपून टाकतो, त्याचे गळ जाड तारेचेच हवेत. (कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये ज्या दख्खनी महसीराचे वर्णन केले, तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातलाच.) गळांच्या क्रमांकात नवखा माणूस हमखास चुकतो. साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो, पण पुढे शून्य जोडलेल्या मापांत तो आकड्याबरोबर मोठा होत जातो. डब्यावर माप लिहून ठेवावे.

वापरलेला गळ नव्यांत टाकू नये. ओलसर गळाचा एक ठिपकाभर गंज शेजारच्यांना लागतो आणि तो आधी दिसतो नेढ्यापाशी, जिथे दोऱ्याची गाठ बसते. गंजाने खडबडीत झालेले नेढे दोरा कापते. टोक तपासायचे तर ते अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून ओढावे: धार असेल तर अडते, बोथट असेल तर घसरते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी, पण ती ओल शोषून भरली की निकामी होते. अधूनमधून तापवून कोरडी करावी लागते.

तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा. तो गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी तो ठिसूळ होतो आणि रिळावर महिनोन्‌महिने गुंडाळलेला राहिला की वेटोळे धरतो. त्याची जागा अंधाऱ्या कपाटात. गळाकडच्या टोकावर दगडांचा मार सर्वांत जास्त बसतो. त्या भागावरून कापसाचा बोळा फिरवला, की खरचटलेल्या जागी कापसाचे तंतू अडकतात. तेवढा तुकडा कापून टाकावा.

मऊ प्लास्टिकची खोटी आमिषे त्यांच्या मूळ पिशवीतच बरी. त्यांतले तेलकट द्रव्य काही कडक प्लास्टिकच्या डब्यांना विरघळवते आणि दोन्ही चिकटून बसतात. पीठ, शेंगदाण्याची पेंड असे खरे आमिष मात्र सामानाजवळ ठेवायचेच नाही. त्या वासावर आलेला उंदीर जाळेही कुरतडतो.

भोई आणि कातकरी कुटुंबांत फेकजाळे हीच मोठी पुंजी. सुती जाळ्यांच्या काळात ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. नायलॉन कुजत नाही, पण शेवाळ आणि मासळीची बुळबुळ अडकलेली राहिली की घुशी-उंदरांना आवतण मिळते. जाळे स्वच्छ पाण्यात खळबळून, काडीकचरा वेचून, सावलीत वाळवावे आणि आढ्याला टांगावे. शिशाच्या गोळ्यांचा काठ मात्र खाली पाटीत टेकवावा, नाहीतर त्या वजनाने आसे, म्हणजे जाळ्याची घरे, ओढली जातात. चुलीपासून दूर, एका ठिणगीने वीतभर भोक पडते.

काठी भिंतीला तिरकी टेकवून महिने काढले की वाकते. आडवी दोन-तीन खुंट्यांवर ठेवावी. रिळाची पकड सैल करून ठेवावी, म्हणजे आतल्या चकत्या दबून चपट्या होत नाहीत.

शिसे विषारी आहे. हंस मरू लागल्यामुळे ब्रिटनने १९८७ मध्ये बहुतेक लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी घातली. शिशाच्या गोळ्या झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. दातांनी चेपू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत. तुटलेल्या तंगुसासाठी एक रिकामी बाटली पेटीतच असावी. काठावर सोडलेल्या दोऱ्यात पाणकावळ्याचे, बगळ्याचे पाय अडकतात आणि पक्षी तडफडून मरतो. हा दोष पूर्णपणे माणसाचा आहे.

पाऊस ओसरला की, म्हणजे नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान, सगळे डबे उघडून एकदा वारा द्यावा. रिळाला तेलाचा थेंब, काठीच्या सांध्यांना मेण, जाळ्याची भोके विणून घेणे आणि शंका येईल तो दोरा बदलणे, ही कामे पाण्यावर जाण्याआधी घरीच उरकतात.