एका युनिटला दोन मार्क: आखेन शहराने काय केलं?

‘सार्वजनिक वीज कंपनीने स्थानिक सौरऊर्जेला प्रोत्साहन द्यावं’ असं वाक्य तुमच्या संशोधन प्रस्तावात असेल, तर तिथे जरा थांबा. प्रोत्साहन म्हणजे नेमकं काय? एका युनिटमागे किती पैसे, किती वर्षं आणि कोणाच्या खिशातून? ही तीन उत्तरं नसतील तर ते वाक्य नुसती सदिच्छा ठरतं. जर्मनीतल्या आखेन शहराचं उदाहरण यासाठी वाचण्यासारखं आहे.

१९९१ पासून जर्मनीत असा कायदा होता की छपरावरची वीज कंपनीने घ्यायचीच, आणि ग्राहकाच्या सरासरी दराच्या ९० टक्के भाव द्यायचा. ऐकायला छान! पण हिशोब करून बघा. हा भाव युनिटला साधारण १७ फेनिग (१०० फेनिग म्हणजे एक मार्क). एक किलोवॉटचं पॅनेल तिथल्या उन्हात वर्षाला अंदाजे ८५० युनिट देतं. म्हणजे वर्षाला जेमतेम १४५ मार्क, वीस वर्षांत २,९००. आणि पॅनेल बसवायचा खर्च तेव्हा वीस हजार मार्कांच्या वर. मग कोण बसवणार?

आखेनमधल्या नागरिकांच्या एका संस्थेने प्रश्नच उलटा मांडला: ग्राहक विजेला काय मोजतो हे बाजूला ठेवा, ती वीज तयार करायला खर्च किती येतो ते बघा. १९९२ मध्ये नगर परिषदेने तसा ठराव केला, पण कंपनीचा विरोध आणि दरनियंत्रकाची परवानगी यात अंमलबजावणीला १९९५ उजाडलं. भाव ठरला युनिटला सुमारे दोन मार्क, वीस वर्षांसाठी. पैसा सगळ्या ग्राहकांच्या बिलातून, पण दरवाढ एक टक्क्याच्या आत. २००० साली जर्मनीने देशभर कायदा केला तेव्हा वीस वर्षांच्या ठरलेल्या भावाचं हेच तत्त्व घेतलं.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले. इथे तुमची वीज तुमच्याच वापरातून वजा होते. आणि घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त, पुढची महाग. म्हणजे महिन्याला ४०० युनिट वापरणाऱ्याची महागडी युनिटं वाचतात, ८० वापरणाऱ्याची स्वस्तातली. पॅनेल तेच, ऊन तेच, पण फायदा वेगळा. शिवाय मोठ्या ग्राहकाच्या जादा दरातूनच लहान ग्राहकाचा दर कमी ठेवला जातो. तो मोठा ग्राहक छपराकडे वळला, तर तारा-रोहित्रांचा खर्च कोणी उचलायचा?

आखेनची पद्धत निर्दोष होती असं नाही. भाडेकरूला छप्पर नव्हतं, तरी तो बिलातून वाटा देतच होता. फरक इतकाच, की तो वाटा किती हे आधी ठरलेलं आणि सगळ्यांना दिसणारं होतं.

म्हणून विषय निवडताना ‘सौरऊर्जा का वाढत नाही?’ एवढ्यावर थांबू नका. एका गावाची किंवा वॉर्डाची बिलं घ्या, टप्प्यांनुसार वेगळी करा, आणि एका सौर युनिटने कोणाचे किती वाचतात ते मांडा. तंत्रज्ञानाआधी भावाचा नियम वाचा. कोणाच्या छपरावर पॅनेल चढणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरलेलं असतं.