पाच तारे आणि सदऱ्याचं बटण

देवळाली कॅम्पातल्या निवृत्त सुभेदाराला विचारा, 'उपचार कसे वाटले?' उत्तर ठरलेलं: 'एकदम ठीक.' तोफखान्याच्या या गावात कुरकुर करायची पद्धतच नाही. समाधान मोजणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते.

ऑनलाइन उपचार आता नवे राहिलेले नाहीत. 'ई-संजीवनी ओपीडी' एप्रिल 2020 मध्ये आली. आजी-माजी सैनिकांसाठी 'सेहत ओपीडी' मे 2021 मध्ये. दोन्हींचा भर डॉक्टरी सल्ल्यावर. गोळीचं नाव पडद्यावरून सांगता येतं. अर्धांगवायूने आखडलेला हात रोजच्या कामाला पुन्हा जुंपणं वेगळं. ते ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम. या विद्येचं शिक्षण कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केलं.

ही थेरपी व्हिडिओ कॉलवर दिली, तर दवाखान्यात न मिळणारा एक फायदा होतो. थेरपिस्टला घर दिसतं: मोरीचा उंबरा, नळाची उंची, पलंगाची कड.

मग समाधान मोजायचं कसं? कॉल संपला की तारे मागायचे, ही सोपी वाट. जरा पद्धतशीर हवं असेल तर 'सीएसक्यू-8' ही प्रश्नावली आहे: आठ प्रश्न, प्रत्येकी 1 ते 4 गुण, एकूण 8 ते 32. पण अशा प्रश्नावल्यांत आकडे वरच्या टोकाला चिकटून बसतात. बरं करायला झटणाऱ्या माणसाला कमी गुण द्यायला जीभ रेटत नाही. शिवाय ज्याचा कॉल रेंजअभावी तुटला आणि ज्याने नाद सोडला, त्याच्यापर्यंत फॉर्म जातच नाही. उरलेल्यांची सरासरी छान दिसणारच.

मला 1991 मध्ये प्रसिद्ध झालेली कॅनडातली 'सीओपीएम' पद्धत जास्त पटते. अडणारी कामं रुग्णच सांगतो आणि त्यांतली महत्त्वाची पाचपर्यंत निवडतो. समजा, सदऱ्याचं बटण लावणं, तांब्याने अंगावर पाणी घेणं. प्रत्येक कामाला तो 1 ते 10 मध्ये दोन आकडे देतो: किती जमतं, आणि जमतं त्यावर तो किती समाधानी आहे. उपचारांनंतर पुन्हा तेच. सरासरीत दोन गुणांची वाढ झाली, तर फरक पडला असं साधारणपणे धरतात. इथे सुभेदारसाहेब मोकळे होतात, कारण गुण थेरपिस्टला नाही, स्वतःच्या हाताला द्यायचे असतात. बटण लावणं 3 वरून 6 वर गेलं तरी समाधान 3 वरच अडलेलं असू शकतं. बायको अजून शेजारी उभी राहते, हे त्यांना खुपतं. ताऱ्यांत ते दिसलं नसतं.

अर्थात, व्हिडिओची सोय बरी होती की नाही, हे 'सीओपीएम' सांगत नाही. आवाज, उजेड, वाचलेलं रिक्षाभाडं यांचे प्रश्न वेगळ्या कागदावर हवेत. ते थेरपिस्टने नव्हे, दुसऱ्या कुणी फोनवर, मराठीत विचारावेत. मध्येच सोडून गेलेल्यांनाही. आणि कॉलभर मोबाइल धरून उभ्या राहणाऱ्या सुनेलाही दोन प्रश्न हवेत: तुमचा किती वेळ गेला, आणि पुढच्या वेळी जमणार आहे का?